वर्ग सांभाळायचा की तास घ्यायचा? इंग्लंडमधील शिक्षक-सहायकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सकाळचे आठ वाजून पस्तीस मिनिटे झालेली असतात. तुम्ही तुमच्याकडे सोपवलेल्या मुलासाठी दिवसभराचे चित्रांचे वेळापत्रक भिंतीवर लावत असता, आणि उपमुख्याध्यापिका दारातूनच विचारतात, "इयर फोरच्या बाई आज आलेल्या नाहीत. तुम्ही कव्हर कराल का?" आपल्यापैकी बहुतेक जणी त्या क्षणी मान डोलावतात. मुले ओळखीची असतात, शाळा अडचणीत असते, आणि नकार देणे आपल्या स्वभावात बसत नाही. मीही कितीतरी वर्षे असाच होकार देत आले. वर्ग घेण्यात काही वाईट नाही, परंतु आपण नेमका कशाला होकार देत आहोत हे न विचारण्यात मुलांचेही नुकसान आहे आणि आपलेही, हे मला फार उशिरा कळले.

मराठीत या एका विनंतीसाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: वर्ग सांभाळणे आणि तास घेणे. इंग्लंडच्या शाळांत रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी 'कव्हर' हा एकच शब्द वापरला जातो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. शिक्षिकेने ठेवलेले काम मुलांकडून शांतपणे करून घेणे म्हणजे वर्ग सांभाळणे. नवा घटक समजावून सांगणे, कोणाला कितपत कळले हे जोखणे आणि त्यानुसार पुढचे ठरवणे म्हणजे तास घेणे. नियम, तयारी, जबाबदारी आणि पगार या चारही गोष्टी या फरकावर अवलंबून आहेत, त्यामुळे या लेखातील प्रत्येक पायरी त्याच फरकापाशी परत येणार आहे.

आधी नियम समजून घ्यावा

शिक्षकांवरील कामाचा ताण कमी व्हावा म्हणून १५ जानेवारी २००३ रोजी सरकार, शाळांचे नियोक्ते आणि बहुतेक शिक्षक-कर्मचारी संघटना यांच्यात एक राष्ट्रीय करार झाला. नॅशनल युनियन ऑफ टीचर्स या मोठ्या संघटनेने मात्र त्यावर सही केली नाही. या करारातून सप्टेंबर २००५ पासून प्रत्येक शिक्षकाला नियोजन, तयारी आणि मूल्यमापनासाठी वेळापत्रकातील अध्यापनाच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ मिळू लागला. यालाच आपण पीपीए म्हणतो. सप्टेंबर २००९ पासून अनुपस्थित सहकाऱ्याचा तास शिक्षकांनी क्वचितच घ्यावा, असेही ठरले. शिक्षकांना हा वेळ मिळणे न्याय्यच होते. पण त्या वेळेत वर्गासमोर कोणीतरी उभे राहणे भागच असते, आणि पैसा अपुरा पडला की ते कोणीतरी म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजेच शिक्षक-सहायक), हे समीकरण हळूहळू रूढ झाले.

सरकारी अनुदानावर स्थानिक प्राधिकरणामार्फत चालणाऱ्या शाळांना २०१२ चे 'स्पेसिफाइड वर्क' नियम लागू आहेत. त्यांत चार कामे पात्र शिक्षकाची म्हणून नेमून दिलेली आहेत: पाठांचे नियोजन व तयारी, पाठ शिकवणे, मुलांच्या प्रगतीचे मूल्यमापन आणि त्या प्रगतीचा अहवाल देणे. शिक्षकी पात्रता नसलेल्या व्यक्तीला ही कामे करण्यास बंदी नाही, मात्र तीन अटी पाळाव्या लागतात. ते काम पात्र शिक्षकाच्या कामाला साहाय्य म्हणून असावे, मुख्याध्यापकांनी आखलेल्या व्यवस्थेनुसार त्या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली व देखरेखीखाली व्हावे, आणि त्या व्यक्तीकडे आवश्यक कौशल्य व अनुभव आहे याची मुख्याध्यापकांना खात्री पटलेली असावी. याचा साधा अर्थ असा की टीए तास घेऊ शकते, परंतु तिला एकटे सोडून देता येत नाही. तिच्या पाठीशी एक विशिष्ट शिक्षक असावाच लागतो आणि तो कोण, हे तिला ठाऊक असावे लागते. अकादमी शाळांना, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाच्या अखत्यारीबाहेर थेट सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना, हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, म्हणून तिथे काम करणाऱ्यांनी आपला करारनामा, कामाचे वर्णनपत्र आणि शाळेचे कव्हरविषयक धोरण मागून घेऊन वाचावे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती पुष्कळ शाळांत नजरेआड केली जाते. दर मंगळवारी दुपारी शिक्षिका पीपीएसाठी बाहेर जाते आणि तुम्ही वर्गात उभ्या राहता, तेव्हा ते वर्ग सांभाळणे नसते. मुलांची ती दुपार अभ्यासक्रमाचा नियमित भाग असते. ते तास घेणेच आहे, आणि ते सहसा उच्चस्तरीय शिक्षक-सहायक, म्हणजे एचएलटीए, या पातळीचे काम मानले जाणे आवश्यक आहे.

होकार देण्याआधी काय विचारावे

पहिला प्रश्न अर्थातच हा: मी वर्ग सांभाळायचा आहे की तास घ्यायचा आहे? तो असाच्या असा, न कचरता विचारावा. त्यानंतर किती वेळासाठी, काम कोणी ठेवले आहे, आणि अडचण आल्यास कोणत्या शिक्षकाकडे जायचे, हे विचारावे. 'कोणालाही बोलवा' हे उत्तर पुरेसे मानू नये. एखादे नाव मिळालेच पाहिजे, आणि ती व्यक्ती त्या दिवशी शाळेत असलीच पाहिजे.

रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या सर्वांत लहान मुलांच्या वर्गांबाबत आणखी एक बाब लक्षात ठेवावी. कायद्याने तेथे एका पात्र शिक्षकामागे वर्गात ३० मुलांची मर्यादा आहे, आणि टीए कितीही अनुभवी असली तरी त्या हिशेबात ती शिक्षक म्हणून धरली जात नाही.

पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मी नसताना माझ्याकडे सोपवलेल्या मुलाकडे कोण पाहणार? ज्या मुलाकडे ईएचसीपी, म्हणजे विशेष गरजांसाठीची शिक्षण, आरोग्य व काळजी योजना, आहे, त्याच्या दस्तऐवजातील विभाग 'एफ' मध्ये त्याला कोणते विशेष शैक्षणिक साहाय्य मिळायला हवे ते नमूद असते. ते साहाय्य मिळेल याची तजवीज करणे हे २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टच्या कलम ४२ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते साहाय्य म्हणजे शाळेने सवडीनुसार द्यायची सवलत नव्हे. विभागात ठरावीक तासांचे व्यक्तिगत साहाय्य लिहिलेले असेल आणि ते देणारी टीए दुसऱ्या वर्गात उभी असेल, तर त्या दिवशी ते मूल आपल्या हक्काला मुकते. मी एका शाळेत असताना मला एकाच सत्रात इतक्यांदा दुसरीकडे पाठवले गेले की माझ्याकडचा मुलगा सकाळी दारात आल्यावर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीला हात लावून विचारायचा, "आज माझी की त्यांची?" त्या प्रश्नानंतर मी हा मुद्दा तोंडी बोलणे थांबवले आणि लेखी कळवू लागले. तुम्हीही विशेष गरजांच्या समन्वयकाला, म्हणजे सेन्कोला, त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल करावी: मला अमुक वेळेत कव्हरसाठी नेले आहे, या मुलासाठी काय व्यवस्था आहे ते कृपया कळवावे. यात तक्रारीचा सूर नसतो, पण नोंद राहते.

निवांत दिवशी करून ठेवायची तयारी

कव्हरची वेळ सांगून येत नाही, म्हणून तयारी आधीच करावी लागते. तुम्हाला ज्या दोन-तीन वर्गांत बोलावले जाण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येकासाठी एक पातळ फाइल तयार करून घ्यावी, आणि शिक्षिकेला ती अद्ययावत ठेवण्याची विनंती करावी. तिच्यात बैठक व्यवस्थेचा आराखडा, दिवसाचे वेळापत्रक, वैद्यकीय गरजा असलेल्या मुलांची माहिती, इनहेलर आणि अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन-पेन कुठे ठेवलेले आहेत त्याची नोंद, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काय चालते आणि काय चालत नाही याच्या प्रत्येकी दोन ओळी, वर्तन धोरणाच्या पायऱ्या आणि घरी सोडताना कोणाला कोण न्यायला येते याची यादी असावी. यातील बरीचशी माहिती खासगी असल्यामुळे फाइल टेबलावर उघडी टाकू नये.

याशिवाय स्वतःसाठी 'काहीच ठेवलेले नाही' अशा प्रसंगाचे काम हाताशी असावे. शिक्षिका रात्री अचानक आजारी पडली, तर तिच्याकडून सकाळी कामाची अपेक्षा करणे माणुसकीला धरून नाही. अशा वेळी नवे काही सुरू न करता झालेल्या भागाची उजळणी घ्यावी. इयर फोरसाठी पाढे हा उत्तम पर्याय असतो, कारण जूनमध्ये त्या मुलांची पाढ्यांची राष्ट्रीय चाचणी असते: २५ प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. मूक वाचन, मागच्या आठवड्यातील लेखनाचा सुधारित खर्डा, झालेल्या घटकावर मुलांनी स्वतः प्रश्न तयार करून जोडीदाराला विचारणे, यांतले काहीही चालते.

पहिली दहा मिनिटे

मुले वर्गात येण्यापूर्वी तुम्ही दारात उभे असावे. फळ्यावर तारीख, तुमचे नाव आणि बसल्याबरोबर करायचे एक छोटे काम लिहिलेले असावे. शिक्षिका का आली नाही, याचे एका वाक्यात खरे पण मोघम उत्तर द्यावे: "बाई आज येऊ शकल्या नाहीत, त्यांनी तुमच्यासाठी काम ठेवले आहे." तिच्या आजाराविषयी काहीही बोलू नये.

हजेरी हे कायदेशीर दस्तऐवज आहे. ती सकाळच्या सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि दुपारच्या सत्रात एकदा घ्यावी लागते, आणि ती घाईत उरकू नये. नाव पुकारल्यावर केवळ उत्तर ऐकून न थांबता मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे, कारण मित्राच्या नावाने 'हजर' म्हणणारा एखादा वर्गात असतोच. अनुपस्थितीचे कारण माहीत नसेल तर अंदाजाने कोड टाकू नये. कारण अद्याप कळले नसल्याचा 'एन' हा कोड त्यासाठीच आहे, पुढचे काम कार्यालय पाहते.

नंतर नियम सांगावेत, पण ते शाळेचेच असावेत. कव्हरच्या दिवशी आपले नवे नियम लागू करण्याचा मोह टाळावा, कारण मुलांना आधीच एक बदल पचवायचा असतो.

प्रत्यक्ष तास: सीमारेषा कुठे आहे

येथे एक उदाहरण जवळून पाहू. शिक्षिकेने ठेवलेल्या चिठ्ठीत लिहिलेले आहे: गणित, अपूर्णांकांची तुलना, कालच्या सरावाचे उरलेले प्रश्न. पाच मिनिटांत चार-पाच हात वर होतात, कारण एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा असावा असे मुलांना वाटते, चार तीनापेक्षा मोठे आहेत ना! तुम्ही कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घेता, एकीच्या घड्या घालून तीन समान भाग करता, दुसरीचे चार, आणि दोन्हींचा एकेक भाग फाडून शेजारी शेजारी ठेवता. एक मुलगी तो लहान तुकडा उचलून म्हणते, "म्हणजे जास्त जणांत वाटला की कमी येतो." एवढे झाले की ती पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळते.

हे वर्ग सांभाळणे झाले की शिकवणे? माझ्या मते, शिक्षिकेने आधीच शिकवलेल्या भागातील अडलेली जागा मोकळी करणे हे ठेवलेले काम पुढे नेण्याचाच भाग आहे आणि कोणत्याही समजूतदार माणसाने त्याला आक्षेप घेऊ नये. कागदावरचा नियम इतका बारीक नसतो, आणि समोर अडलेल्या मुलाला 'मला समजावण्याची परवानगी नाही' असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. मात्र संपूर्ण वर्ग अडला, अर्ध्याहून अधिक वह्या कोऱ्या राहिल्या आणि घटक मुळातून पुन्हा शिकवण्याची गरज आहे असे दिसले, तर तिथे थांबावे. उजळणीच्या कामाकडे वळावे, आणि निरोपाच्या चिठ्ठीत तसे स्पष्ट लिहावे. अर्धवट समजलेला अपूर्णांक शिक्षिकेला उद्या पुन्हा शिकवता येतो, पण चुकीचा समजलेला आधी पुसावा लागतो.

तासभर स्वतः खुर्चीत बसून राहू नये. पहिल्या पाच मिनिटांत वर्गात एक फेरी मारून प्रत्येकाने सुरुवात केली आहे ना, एवढेच पाहावे. दुसऱ्या फेरीत अडलेल्यांपाशी थांबावे. मदत करताना उत्तर सांगण्याची घाई करू नये. २००३ पासून पुढे काही वर्षे इंग्लंड व वेल्समध्ये प्राध्यापक पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली टीएंच्या कामाचा मोठा अभ्यास झाला. त्यात असे आढळले की टीएंचे सर्वाधिक साहाय्य मिळालेल्या मुलांची प्रगती, तशाच पण कमी साहाय्य मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली होती. संशोधकांनी याचा दोष टीएंना दिला नाही. त्यांना तयारीला वेळ मिळत नाही, शिक्षकांशी बोलायला वेळ मिळत नाही, आणि काम पूर्ण करून घेण्यावर भर राहतो, ही कारणे त्यांनी मांडली. कव्हरच्या तासाला ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात, म्हणून तेव्हा तर अधिकच जपावे.

वर्तनाबाबत अनेक जणींच्या मनात शंका असते की आपल्याला अधिकार आहे का. तो आहे. २००६ च्या एज्युकेशन अँड इन्स्पेक्शन्स अ‍ॅक्टनुसार मुलांची जबाबदारी सोपवलेल्या टीएलाही शिस्त लावण्याचा अधिकार असतो, मुख्याध्यापकांनी तो विशेषत्वाने काढून घेतला नसेल तर. हा अधिकार शाळेच्या धोरणातील पायऱ्यांनुसार, शांत आवाजात आणि थोड्या शब्दांत वापरावा. मदत मागवायची ती दुसऱ्या इशाऱ्यानंतर लगेच मागवावी, प्रकरण हाताबाहेर गेल्यावर नव्हे.

विज्ञानाचे प्रयोग, हत्यारे वापरून करायचे डिझाइनचे काम, व्यायामशाळेतील उपकरणे आणि पोहणे यांसाठी त्या विषयाचे प्रशिक्षण व जोखमीचे मूल्यांकन नसेल तर सरळ नाही म्हणावे आणि लेखी काम मागावे. मुलाने घरच्या त्रासाविषयी किंवा कोणी दुखावल्याविषयी काही सांगितले, तर गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये, खोदून प्रश्न विचारू नयेत, त्याचेच शब्द लिहून घ्यावेत आणि त्याच दिवशी शाळेच्या बालसुरक्षा प्रमुखापर्यंत पोहोचवावेत. शिक्षिका परत येईपर्यंत थांबू नये.

तास संपल्यावर

वह्या तपासणे हा मूल्यमापनाचा भाग असल्याने, नुसता वर्ग सांभाळला असेल तर त्या तपासू नयेत. फार तर शाळेच्या तपासणी-संकेतानुसार हे काम कव्हरच्या तासाला झाले अशी खूण करावी. त्याऐवजी निरोपाची चिठ्ठी मनापासून लिहावी. ती एका पानापेक्षा लांब नको. कोणते काम झाले व कोणते उरले, कोण कुठे अडले, कोणी चांगले काम केले, काय घडले आणि त्यावर काय केले, पालकांचा काही निरोप असल्यास तो. 'वर्ग छान होता' या वाक्याने शिक्षिकेच्या हाती काही लागत नाही. 'सात जण प्रश्न चारवर अडले, सर्वांना छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा वाटत होता' या एका ओळीवर ती दुसऱ्या दिवसाचा पाठ उभा करू शकते.

नाही म्हणावे लागते तेव्हा

एकदोन तास सांभाळणे आणि तीन आठवडे वर्ग चालवणे यांत मोठे अंतर आहे. शिक्षिका दीर्घ रजेवर असेल, तर रोज कोणीतरी नियोजन, अध्यापन आणि मूल्यमापन करावे लागते, आणि ते काम बाहेरून तात्पुरत्या बोलावलेल्या बदली शिक्षकाचे (सप्लाय टीचर) किंवा शाळेतील दुसऱ्या पात्र शिक्षकाचे आहे. अशा वेळी असे म्हणता येते: "आज आणि उद्या मी वर्ग सांभाळते. त्यानंतर मुलांना शिक्षक मिळायला हवा, आणि माझ्याकडच्या मुलालाही मी हवी आहे. पुढची व्यवस्था काय आहे, हे कळले तर बरे होईल." यात उद्धटपणा नाही, आणि तुम्ही मुलांच्या बाजूने बोलत आहात हे ऐकणाऱ्याला कळते.

पगार, दर्जा आणि नोंद

एचएलटीए हा एक दर्जा आहे. तो ३३ मानकांवर पारखून दिला जातो आणि त्यासाठी इंग्रजी व गणितात जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षी द्यायची शालेय परीक्षा) किंवा समकक्ष पातळी आवश्यक असते. दर्जा मिळाला म्हणून पगार आपोआप वाढत नाही, कारण पगार पदाला असतो. काही शाळा फक्त तास घेतल्याच्या वेळेपुरता वरचा दर देतात. तसे असेल, तर ते तास नेमके किती, हे करारात लिहून घ्यावे. नियमितपणे तास घेत असूनही दर टीएचाच मिळत असेल, तर युनिसन, जीएमबी, युनाइट किंवा नॅशनल एज्युकेशन युनियन यांपैकी आपण सदस्य असलेल्या संघटनेच्या शाळेतील प्रतिनिधीशी बोलावे.

आपल्यापैकी अनेकींनी भारतात बीएड केलेले असते आणि तरीही येथे वर्षानुवर्षे त्या टीएच राहतात. भारतातील पदवीमुळे इंग्लंडची शिक्षकी पात्रता, म्हणजे क्यूटीएस, आपोआप मिळत नाही. पण २०२३ पासून ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली झाली. ज्यांच्या बाबतीत ती लागू पडते त्यांनी आवश्यक अटी सरकारी संकेतस्थळावर पडताळून अर्जाचा गांभीर्याने विचार करावा.

बाकी सर्वांनी आजपासून एक साधी वही ठेवावी. प्रत्येक कव्हरसाठी एक ओळ: तारीख, वर्ग, किती ते किती, सांभाळला की तास घेतला, कोणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि त्या वेळी माझ्याकडच्या मुलाकडे कोण होते. मुलांची पूर्ण नावे तिच्यात लिहू नयेत, आद्याक्षरे पुरतात. एक सत्र भरले की 'तास घेतला' या रकान्याची बेरीज करावी, आणि वार्षिक आढाव्याच्या बैठकीत ती वही उघडून मुख्याध्यापकांसमोर ठेवावी.